विमान खाली आणणं म्हणजे नक्की काय? स्टॉल, बॅलन्स, आयएलएस, नाइट लँडिंग साध्या मराठीत

सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची बातमी पेपरात आली की सांगली-मिरजेत चर्चा सुरू होते आणि ती फिरून फिरून नाइट लँडिंगवर येते. एकजण म्हणतो धावपट्टी झाली की झालं, विमान उतरायला आणखी काय लागतं, दुसरा म्हणतो मग कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला, एवढी धावपट्टी आहे तरी पावसापाण्याच्या दिवसात विमान वर घिरट्या घालून परत का जातं, तिसरा म्हणतो पायलट नवखा असणार. त्यात १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं त्यानंतर फ्लॅप, थ्रस्ट, स्टॉल हे शब्द टीव्हीवर रात्रंदिवस ऐकू यायला लागले, पण त्यांचा अर्थ शांतपणे सांगायला कुणाला वेळ नव्हता. भीती मात्र घराघरात पोचली. म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चाकं जमिनीला लागतात तो क्षण आपल्याला मोठा वाटतो, पण विमान सुखरूप उतरणार की नाही हे त्याच्या आधीच्या काही मिनिटांतच ठरत आलेलं असतं, आणि त्या मिनिटांत काही बिनसलं तर परत वर जाणं हे पायलटचं सगळ्यात चांगलं काम आहे. हे पटायचं असेल तर थोडं मुळापासून बघावं लागेल.

विमान वर राहतं कशानं

पंखामुळं. इंजिनाचं काम फक्त पुढं ढकलायचं, त्या ढकलण्याला थ्रस्ट म्हणतात. पुढं गेल्यामुळं पंखावरून जोरात हवा वाहते, पंखाचा आकार आणि त्याचा थोडासा वर केलेला कोन यामुळं ती हवा खाली वळते, आणि हवेला खाली ढकललं की पंख वर ढकलला जातो. ही झाली लिफ्ट, आपण तिला उचल म्हणू.

आता उचल दोन गोष्टींनी वाढते, वेगानं आणि कोनानं. कोन म्हणजे समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन. वेग कमी झाला तर तेवढीच उचल मिळवायला पायलट नाक जरा वर करतो, कोन वाढतो, भागतं. पण याला मर्यादा आहे. साध्या पंखाचा कोन साधारण १५ अंशांच्या आसपास गेला की पंखाच्या वरच्या बाजूची हवा त्याला चिकटून वाहायचं सोडते, तिथं नुसते भोवरे होतात आणि उचल एकदम ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन चालू आहे की बंद याच्याशी स्टॉलचा संबंध नाही, दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

झालेलंही आहे. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान रिओहून पॅरिसला जाताना वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे चुकीचे दिसायला लागले, ऑटोपायलट आपोआप सुटला आणि गोंधळात नाक वर ओढलेलंच राहिलं. विमान ३८,००० फुटांवर स्टॉल झालं आणि साडेतीन मिनिटांच्या आसपास खाली खाली येत अटलांटिक समुद्रात गेलं, २२८ माणसं गेली. इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. स्टॉलमधून बाहेर पडायचा उपाय ऐकायला साधा आहे, नाक खाली करा म्हणजे कोन कमी होईल आणि हवा परत पंखाला धरेल. पण विमान खाली चाललंय असं दिसत असताना नाक आणखी खाली करणं हे माणसाच्या मनाविरुद्ध आहे, म्हणून पायलटला ते ट्रेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा करायला लावतात.

उतरताना तर वेग कमी करावाच लागतो, मग उचल कशी टिकवायची? त्यासाठी फ्लॅप. खिडकीतून बघितलंत तर उतरायच्या आधी पंखाच्या मागच्या कडेचे रुंद पत्रे टप्प्याटप्प्यानं मागं सरकून खाली वाकतात, घरघर आवाज येतो आणि बरेच जण दचकतात. पंख मोठा आणि जास्त वाकडा झाला, त्यामुळं कमी वेगातही उचल मिळते. एअरबस ए-३२० सारखं विमान साधारण २५० किलोमीटर वेगानं टेकतं ते फ्लॅपमुळं, नाहीतर त्याला याच्यापेक्षा खूप जास्त वेगात टेकावं लागलं असतं.

तीन हालचाली

रस्त्यावरच्या गाडीला डावीकडं-उजवीकडं एवढंच कळतं. विमानाला तीन हालचाली आहेत. नाक वर-खाली, ती पिच. एक पंख खाली आणि दुसरा वर, ती रोल. नाक डावीकडं-उजवीकडं, ती यॉ. शेपटीच्या आडव्या पंखावर जो हलणारा भाग असतो तो एलिव्हेटर, तो पिच सांभाळतो. मुख्य पंखांच्या टोकाकडं लहान पट्ट्या असतात, एका बाजूची वर गेली की दुसऱ्या बाजूची खाली, त्या एलेरॉन, त्या रोल सांभाळतात. आणि शेपटीच्या उभ्या पंखावरचा हलणारा भाग रडर, तो यॉ सांभाळतो. एवढे शब्द पुरेत.

या तीनही हालचाली हातात असल्या पाहिजेत हे राइट बंधूंना कळलं म्हणून ते राइट बंधू झाले असं माझं मत आहे. त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलिएंथाल ग्लायडरवर उडायचे, पण तोल सांभाळायला त्यांच्याकडं मुख्यतः स्वतःचं अंग इकडंतिकडं सरकवणं एवढंच साधन होतं, आणि १८९६ मध्ये त्यांचं ग्लायडर स्टॉल होऊन पडलं त्यातच ते गेले. राइट बंधूंनी आधी ग्लायडरवर तीनही हालचाली ताब्यात आणल्या आणि मग इंजिन बसवलं. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं होतं, पण त्यात उडवणाऱ्याच्या हातात विमान होतं.

इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. विमान वळतं ते मुख्यतः कलल्यामुळं, रडर फक्त मदतीला असतो. विमान एका बाजूला कललं की पंखाची उचलही तिरकी होते, तिचा काही भाग विमानाला वळणाच्या आत ओढतो. पण मग वजन पेलायला उरलेली उचल कमी पडते, म्हणून वळताना जास्त उचल लागते, म्हणजे कोन वाढतो, म्हणजे स्टॉल जवळ येतो. हिशोब असा की ६० अंश कललं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉल होण्याचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच प्रवासी विमानं साधारण २५-३० अंशांपेक्षा जास्त कलत नाहीत, आणि म्हणूनच धावपट्टीजवळ कमी उंचीवर, कमी वेगात, वळण चुकलं म्हणून घाईत जास्त कलून ते दुरुस्त करायला जाणं फार धोक्याचं, कारण तिथं स्टॉल झाला तर नाक खाली करायला खाली उंचीच उरलेली नसते.

उलार गाडी

आता स्टॅबिलिटी, म्हणजे हात सोडला तरी विमानानं आपणहून सरळ राहणं. हे आपल्याकडं उसाची बैलगाडी भरणाऱ्याला जितकं चांगलं कळतं तितकं शहरातल्या माणसाला कळणार नाही. मागं जास्त मोळ्या पडल्या की गाडी उलार होते, पुढचं जू वर उचलायला बघतं, बैलाच्या गळ्याला ओढ बसते आणि गाडी ताब्यात राहत नाही. पुढं जास्त पडल्या की सगळा भार बैलाच्या मानेवर. म्हणून भरणारा माणूस भार किंचित पुढं राहील असा ठेवतो, गाडी जराशी पुढं जड पण उलार कधीच नाही.

विमानाचंही असंच. सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येईल त्या जागेला सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी म्हणतात, आणि ती जागा उचलीच्या मध्यापेक्षा थोडी पुढं ठेवलेली असते. त्यामुळं विमानाचं नाक सतत थोडं खाली जायला बघतं आणि शेपटीचा आडवा पंख शेपटी खाली दाबून ते सावरत असतो. आता झुळुकीनं नाक वर गेलं तर शेपटीवर हवा वेगळ्या कोनात येते, शेपटी वर ढकलली जाते, नाक परत खाली. नाक खाली गेलं तर उलटं होतं. पायलटनं काही करायच्या आतच विमान मूळ जागेवर यायला लागतं. पण वजन मागं सरकून गाडी उलार झाली तर हे सगळं उलटतं, नाक एकदा वर गेलं की आणखी वरच जायला बघतं आणि शेवट स्टॉलमध्ये होतो.

म्हणून विमान अर्धं रिकामं असताना एअर होस्टेस एखाद्याला "सर, जरा पुढच्या रांगेत बसाल का" म्हणते तेव्हा वाद घालू नका, आणि सगळं मोकळं आहे म्हणून चार जणांनी उठून मागं जाऊन बसू नका. एटीआर सारख्या लहान विमानात तर हे फारच लागू आहे. त्यात प्रवासी मागच्या दारानं चढतात, चढताना सगळी गर्दी शेपटीकडं, म्हणून उभं असताना शेपटीखाली आधाराचा एक खांब लावलेला असतो. पुढच्या वेळी बघा.

स्टॅबिलिटी जितकी जास्त तितकं चांगलं असंही नाही बरं का. फार स्थिर विमान वळायला आळशी असतं. लढाऊ विमानाला झटकन वळायचं असतं, म्हणून आपलं तेजस मुद्दाम अस्थिर बनवलंय, ४ जानेवारी २००१ ला ते पहिल्यांदा उडालं तेव्हापासून कॉम्प्युटर सेकंदाला कित्येक वेळा छोट्या छोट्या दुरुस्त्या करत त्याला सरळ ठेवतो. माणसाच्या हातानं एवढ्या वेगानं ते जमणारच नाही.

"हवेच्या खड्ड्यात विमान पडत नाही का?"

सह्याद्रीची रांग ओलांडताना, विशेषतः उन्हाळ्याच्या दुपारी, विमान हलतं आणि पोटात गोळा येतो, ते टर्ब्युलन्स. खड्डा वगैरे काही नसतं, हवा कुठं वर चाललेली असते कुठं खाली. वर सांगितलेली स्टॅबिलिटी इथंच कामाला येते, विमान हलतं आणि परत जागेवर येतं. पंख लवतात तेही बरोबरच आहे, ते लवायलाच बनवलेत. प्रवासी विमानाचा सांगाडा वजनाच्या अडीच पट भार सहज पेलेल असा, आणि त्या भाराच्या दीडपट भारालाही तुटणार नाही असा तपासून घेतात.

धोका असतो तो आत, पट्टा न बांधलेल्या माणसाला. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला जोरदार टर्ब्युलन्स लागला, एक प्रवासी दगावला, कित्येक जखमी झाले, माणसं छतावर आपटली. विमान मात्र बँकॉकला नीट उतरलं. पट्ट्याची खूण विझली तरी बसलोय तोवर पट्टा बांधलेला ठेवा, एवढंच हात जोडून सांगणं आहे.

"आणि इंजिनच बंद पडलं तर?"

पंख तर आहेतच. इंजिन बंद पडलं की पायलट नाक थोडं खाली करतो, उतारानं वेग मिळतो आणि उचल टिकते. मोठं प्रवासी विमान १ किलोमीटर उंची गमावताना साधारण १५ किलोमीटर पुढं जातं. म्हणजे साताऱ्याच्या डोक्यावर ३५,००० फुटांवर दोन्ही इंजिनं बंद पडली तर वारा फार विरोधात नसेल तर विमान पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत नुसतं तरंगत पोचू शकतं. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्झॅटच्या विमानाचं इंधन अटलांटिकवर गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद, ते १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटावर उतरलं आणि ३०६ च्या ३०६ माणसं वाचली. खरी अडचण इंजिन कमी उंचीवर बंद पडलं तर होते, कारण तिथं ना उंची असते ना वेळ.

तीन अंशांची वाट

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. धावपट्टीकडं येताना विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. ३ अंश म्हणजे २० मीटर पुढं गेल्यावर १ मीटर खाली, डोळ्याला कळणारही नाही इतका मंद उतार. धावपट्टीपासून ६ किलोमीटरवर विमान साधारण १००० फुटांवर असलं पाहिजे. ए-३२० च्या वेगानं हिशोब केला तर मिनिटाला ७००-७५० फूट खाली. याच्यापेक्षा तीव्र उतार घेतला तर वेग वाढतो, कमी घेतला तर खालची झाडं, टेकड्या, टॉवर जवळ येतात.

दिवसा, स्वच्छ हवेत पायलट ही वाट डोळ्यांनी धरतो आणि मदतीला धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात, त्याला पॅपी म्हणतात. दोन पांढरे दोन लाल दिसले की बरोबर वाटेवर, चारही पांढरे तर फार वर, चारही लाल तर फार खाली. मला तरी यापेक्षा साधी आणि हुशार सोय माहीत नाही, ना रेडिओ ना कॉम्प्युटर, नुसते वेगवेगळ्या कोनात लावलेले दिवे.

पण ढग, धुकं, पाऊस असेल तर दिवे दिसायला आधी जवळ तर यावं लागेल ना. त्यासाठी आयएलएस, म्हणजे रेडिओच्या लहरींनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाजवळ एक अँटेना असते, लोकलायझर, ती डावी-उजवी सांगते. दुसरी धावपट्टीच्या कडेला, ग्लाइड स्लोप, ती वर-खाली सांगते. दोन्हींची युक्ती एकच, ती अशी की एका बाजूला ९० हर्ट्झचा सूर जास्त जोरात आणि दुसऱ्या बाजूला १५० हर्ट्झचा. विमानातलं यंत्र दोन्ही सूर मोजतं, दोन्ही सारखे आले म्हणजे बरोबर मध्यावर, एक जास्त आला म्हणजे त्या बाजूला सरकलोय. पायलटच्या समोर दोन रेघा असतात, त्या मध्यावर धरून ठेवायच्या.

आयएलएस आहे म्हणजे डोळे झाकून उतरता येतं असं नाही. साध्या आयएलएसवर, ज्याला कॅट वन म्हणतात, पायलट २०० फुटांपर्यंतच खाली येऊ शकतो आणि धावपट्टीवर किमान ५५० मीटर दिसत असलं पाहिजे. २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, दिसले नाहीत तर लगेच वर. त्या उंचीपासून टेकायला जेमतेम १५ सेकंद असतात, त्यामुळं विचार करत बसायला वेळ नसतो, निर्णय आधीच ठरलेला असतो. कॅट टू मध्ये हीच उंची १०० फूट. आणि दिल्लीसारख्या ठिकाणी कॅट थ्री-बी आहे, तिथं ५० मीटर दिसत असलं तरी चालतं, पण त्यात विमान ऑटोपायलट उतरवतो आणि त्यासाठी विमानतळाची यंत्रणा, विमान आणि पायलटचं ट्रेनिंग तिन्ही त्या दर्जाचं लागतं. तिन्हीपैकी एक नसलं तरी चालत नाही. एकाच धुक्यात एका कंपनीचं विमान उतरतं आणि दुसरीचं परत जातं ते बऱ्याचदा याच्यामुळं.

नाइट लँडिंग झालं म्हणजे सगळं झालं?

नाही, आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. नाइट लँडिंग म्हणजे धावपट्टीचे, वाटेचे आणि आसपासच्या उंच वस्तूंवरचे दिवे आणि रात्री उतरायची परवानगी. हे झालं की हवा स्वच्छ असताना रात्रीही विमान येऊ शकतं, ही मोठी सोय आहेच, सकाळी लवकर आणि रात्री उशिरा फ्लाइट मिळते. पण धुक्याला दिव्यांनी थोडाच फरक पडतो. जिथं यंत्रांची काहीच मदत नाही तिथं नुसतं डोळ्यांनी उडायचं तर ५ किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे असा आपल्याकडचा नियम आहे. आता कृष्णाकाठी थंडीत सकाळी काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या पहाटे धुक्याच्या काळजीनं तासगावचा द्राक्षबागायतदार बागेत फेऱ्या मारत असतो, नेमक्या त्या पहाटे विमानालाही उतरता येत नाही, मग धावपट्टीवर कितीही लख्ख दिवे असोत.

घिरटी घालून परत वर: गो-अराउंड

विमान खाली आलं, धावपट्टी दिसायला लागली, आणि एकदम इंजिनं गरजली, विमान परत वर. आतली माणसं देवाचं नाव घेतात, खाली उतरल्यावर व्हिडिओ टाकतात, "थोडक्यात वाचलो". याला गो-अराउंड म्हणतात आणि यात थोडक्यात वाचण्यासारखं काही नसतं. हे पायलट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, नेहमी करतात, प्रत्येक वेळी उतरायच्या आधी दोघं पायलट एकमेकांना सांगतात की परत वर जावं लागलं तर कुठल्या दिशेनं, किती उंचीपर्यंत.

विमान कंपन्यांचा साधारण नियम असा की १००० फुटांपर्यंत सगळं जागेवर आलेलं असलं पाहिजे, वाट बरोबर, वेग बरोबर, फ्लॅप आणि चाकं बाहेर, खाली यायचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत. याला स्टेबल अप्रोच म्हणतात. काही राहिलं असेल तर वर जायचं. कारण वेग १० टक्के जास्त असला तर थांबवायला लागणारी ताकद २१ टक्क्यांनी वाढते, आणि उंची जास्त असली तर विमान धावपट्टीच्या सुरुवातीऐवजी मध्यावर जाऊन टेकतं. उरलेल्या धावपट्टीत थांबायचं कसं?

मंगळूरला २२ मे २०१० ला हेच झालं. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान फार वर आणि फार वेगात होतं, को-पायलटनं गो-अराउंड असं तीनदा सांगितलं, तरी कॅप्टननं उतरवलंच. ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट संपल्यावर चाकं टेकली, पुढं दरी. १५८ माणसं गेली, ८ वाचली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला, मुसळधार पाऊस आणि पाठीमागून वारा, विमान ४,४०० फुटांच्याही पुढं टेकलं, तिथंही दुसऱ्या पायलटनं गो-अराउंड म्हटलं होतं. २१ माणसं गेली. दोन्ही विमानांची इंजिनं ठीक होती, पंख ठीक होते, परत वर जाता येत होतं. हे वाचताना मला अजूनही फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच विमान परत वर गेलं म्हणून पायलटला नावं ठेवणारे मेसेज पुढं पाठवू नका असं मनापासून सांगतो.

"पण कसलेला पायलट असेल तर उतरवतोच की"

हा आपला शौर्याचा हिशोब इथं चालत नाही. मंगळूरचे कॅप्टन १०,००० तासांपेक्षा जास्त उडालेले होते. अनुभवी माणसाला आजवर जमलंय म्हणून आजही जमेल असं वाटतं, घरी जायची ओढ असते, मागं शंभर-दीडशे लोक उशीर झाला म्हणून चिडलेले असतात. म्हणून तर नियम कागदावर आकड्यात लिहिलेत, म्हणजे त्या क्षणी कुणाच्या हिमतीवर काही अवलंबून राहू नये. आणि इंधनाची काळजी करत असाल तर पर्यायी विमानतळापर्यंत जायला पुरेल एवढं आणि त्याच्यावर आणखी निदान ३० मिनिटांचं इंधन घेऊनच विमान निघतं.

वाऱ्याचंही सांगायला पाहिजे. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडाला उतरतं, मग जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि थांबायला कमी जागा लागते. धावपट्टीच्या टोकाला लिहिलेला आकडा म्हणजे दिशा, मुंबईत २७ लिहिलंय म्हणजे २७० अंश, पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा म्हणून विमानं पश्चिमेकडं तोंड करून उतरतात. वारा आडवा असेल तर विमान नाक वाऱ्याकडं वळवून तिरकं येतं आणि टेकायच्या क्षणी रडरनं सरळ होतं, खालून बघणाऱ्याला वाटतं विमान घसरतंय, पण ते मुद्दाम केलेलं असतं.

मग आपल्याकडं काय बघायला पाहिजे

कवलापूरला जुन्या धावपट्टीची जागा आहे, कराडला वारुंजीला कोयना धरणाच्या काळातली आखूड धावपट्टी आहे. मागणी रास्त आहे, द्राक्षं, हळद, पेशंट, शिकायला बाहेर गेलेली पोरं, सगळ्यांनाच उपयोग आहे. पण चर्चा करताना पहिला प्रश्न लांबीचा विचारा आणि तोही एप्रिल-मेच्या दुपारचा विचारा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, आणि ४० अंश तापमानात हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५००० फुटांच्या आसपास उडतोय असं वाटतं. उचल कमी, इंजिनाची ताकद कमी, म्हणजे धावपट्टी जास्त लागते, नाहीतर प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचा. आयएलएस लहान विमानतळाला महाग पडतं, बसवायचं आणि नेहमी तपासत राहायचं. पण आता गगन नावाची यंत्रणा आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून केलेली. जीपीएसच्या आकड्यातली चूक जमिनीवरची केंद्रं मोजतात आणि आपले उपग्रह ती दुरुस्ती विमानाला कळवतात, त्यामुळं जमिनीवर आयएलएस नसतानाही वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही दाखवता येतं, साधारण २५० फुटांपर्यंत. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगडला इंडिगोचं एटीआर असं उतरवून दाखवलंय. लहान विमानतळांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत तिचं नावच येत नाही. अर्थात विमानात ते यंत्र पाहिजे आणि त्या धावपट्टीसाठी तशी वाट आखून मंजूर झालेली पाहिजे.

आणि तिसरा, जो आपल्याच हातात आहे. यंत्रांवर उतरायच्या मोठ्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना हवेत एक उतार मोकळा ठेवावा लागतो, ५० मीटर लांब गेल्यावर १ मीटर उंची एवढा सपाट. म्हणजे टोकापासून १ किलोमीटरवर २० मीटरपेक्षा उंच काही नको, ना मोबाइल टॉवर, ना चिमणी, ना सहा-सात मजली बिल्डिंग. विमानतळाची घोषणा झाली की त्याच पट्ट्यात जमिनीचे भाव वाढतात आणि प्लॉट पडायला लागतात. तिथं नियमापेक्षा उंच काही उभं राहिलं आणि पाडता आलं नाही तर धावपट्टीची सुरुवातच आत सरकवावी लागते, बांधलेल्या लांबीतले काही शे मीटर उतरण्यापुरते बाद होतात. म्हणून जमीन मोजायच्या वेळीच, दोन्ही बाजूंची किती किलोमीटर जागा उंचीच्या बंधनाखाली येणार आणि तिचा नकाशा कुठं बघायला मिळेल, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.